मी, दगडूकाकांचा सावर

मित्रांनो, मी एक जुनं एक्स्टेन्शन आहे. थांबा, लगेच भिंतीकडे बघू नका! चार प्लग लावायची ती पांढरी पट्टी मी नव्हे. कॉम्प्युटरवर इंटरनेट बघायला ब्राउझर असतो ना, त्याला जोडलेला एक छोटासा प्रोग्राम म्हणजे मी. ब्राउझरला जे जमत नाही ते आम्ही चिटुकले त्याच्या कोपऱ्यात बसून करतो. कुणी जाहिराती अडवतो, कुणी अक्षरं मोठी करून दाखवतो. मी एका माणसाचा हात सावरायचो. म्हणून माझं नावच पडलं 'सावर'.

सावरायचो असं म्हणालो, कारण आता मी बंद आहे. आणि खरं सांगू का, थोड्या वेळानं बंदसुद्धा उरणार नाही. तेव्हा जे सांगायचं ते आत्ताच सांगून घेतो. तुम्ही म्हणाल, तुला रे बघायला-ऐकायला कसं येतं? अहो, लेकीशी बोलायला काकांनी कॉम्प्युटरला कॅमेरा आणि माइक लावलाय की! दिवसभर घरातलं सगळं कानावर पडतं.

तो हात दगडूकाकांचा. काका डोंबिवलीचे पेंटर. शीळफाट्याच्या ढाब्यापासून आंबिवलीच्या दवाखान्यापर्यंत कितीतरी पाट्या त्यांनी रंगवल्या. जयंतीचे कापडी फलक तर त्यांच्याचकडून करून घ्यायचे सगळे. पट्टी न लावता ते रेघ ओढायचे आणि लोक चहाचा ग्लास हातात धरून बघत उभे राहायचे. पुढे फ्लेक्स आले, मशिनी आल्या, ब्रश खोक्यात गेले. काकांनी त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. "मुलगी शिकली, डोक्यावर छप्पर झालं, अजून काय पाहिजे?" असं म्हणायचे. पण मग हातच थरथरायला लागला, आणि ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

शकूकाकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांना अर्धाच कप चहा द्यायला लागल्या.

"अर्धाच का गं?" काका विचारायचे.

"साखर महाग झालीय," काकू सांगायच्या. दोघांनाही खरं कारण ठाऊक होतं.

त्यांची मुलगी अमृता तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजात प्रोजेक्ट करायचा होता. बाकीची पोरं कुठून कुठून विषय उचलून आणत होती. हिनं घरातलाच उचलला. इंटरनेटवर चित्रं काढायचं एक पान असतं, ते उघडून तिनं बाबांच्या हातात माउस दिला.

"ओढा बाबा, आडवी रेघ."

"अगं, ही रेघ आहे का गांडूळ?"

"ओढा हो! त्याला गांडुळं ओळखायला शिकवायचंय."

अशी माझी शाळा सुरू झाली, मित्रांनो. काका रेघ ओढायचे, मी त्यातली थरथर शोधून काढायचो आणि पडद्यावर रेघ सरळ उमटायची. पहिल्यांदा सरळ रेघ उमटली तेव्हा काका उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. काकू बघायला गेल्या आणि त्याही तिथेच थांबल्या.

पण मी तेव्हा अगदीच अडाणी होतो. काका 'र' काढताना शेपटी खाली नेऊन शेवटी किंचित उचलायचे. मला ती थरथरच वाटली. मी ती साफ सरळ करून टाकली. काका असे भडकले!

"अमृता, तुझ्या या दीडशहाण्याला सांग, ती थरथर नाहीये. ती माझी आहे!"

तिनं मला रागावून, म्हणजे कोड बदलून, समजावलं. तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकलो. आजारानं हललेला हात कोणता आणि हौसेनं दिलेला झोक कोणता. हे कुठल्या पुस्तकात नसतं. काकांच्या एकेका रेघेतून मी ते माझ्या पोटात साठवत गेलो. थरथर दरवर्षी वाढत गेली आणि तिच्यामागून मीही. आज ती इतकी वाढलीय की नव्यानं आलेल्याला तिच्यात काका सापडणारच नाहीत. मला सापडतात, कारण मी तिला ती लहान होती तेव्हापासून ओळखतो.

कॉलेजात परीक्षकांनी माझं कौतुक केलं, पण माझे खरे सुखाचे दिवस घरातच गेले. शेजारच्या सान्वीच्या बारशाची पत्रिका, कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीची पाटी, सगळी अक्षरं काका पडद्यावर काढायचे आणि छापणारा कागदावर नाहीतर फ्लेक्सवर छापून द्यायचा. लोक म्हणायचे, "दगडूदादा, हात अजून तसाच आहे तुमचा!" काका नुसते हसायचे. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक छोटा हिरवा हात असायचा, ती माझी खूण. काम झालं की काका पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे, "शाब्बास रे."

मग अमृताला नोकरी लागली, लग्न होऊन ती ठाण्याला गेली. माझ्यात वेळोवेळी दुरुस्त्या करायच्या असतात. त्या करायला तिला फुरसत मिळाली नाही. मी तिला दोष देत नाही. पण ब्राउझर दर महिन्याला नवा होत होता आणि मी होतो तिथेच होतो. एक दिवस पडद्यावर चौकट आली: हे एक्स्टेन्शन जुन्या पद्धतीचं आहे, लवकरच चालणार नाही. इंग्रजीत होती. काकूंनी फुलीवर टिचकी मारून ती घालवली. नको ते बटण दाबू नये, हे लेकीनंच शिकवलेलं. पुन्हा आली, पुन्हा घालवली.

नेमकं त्याच दिवसांत आंबिवलीच्या मैत्री बुद्ध विहाराचं बोलावणं आलं. तिथली पत्र्याची जुनी पाटी काकांनीच ऐन उमेदीत रंगवलेली, ती गंजून गेली होती. विहाराचे काळुराम स्वतः घरी आले. म्हणाले, "दादा, कॉम्प्युटरमधली तयार अक्षरं नकोत आम्हाला. तुमच्या हातची पाहिजेत. पौर्णिमेला पाटी चढवायची."

काकांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं हो! काळुराम गेल्यावर ते काकूंना म्हणाले, "शकू, ही शेवटची. पण ही माझीच होणार." 'मैत्री बुद्ध' एवढं झालं. काय देखणं झालं होतं! 'विहार' उरलं. 'र' उरला, तो शेपटीचा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझर नवा होऊन बसला. कोपऱ्यातला हिरवा हात नाहीसा झाला.

काकांनी 'वि' काढायला घेतला. ओल्या वाळूवरून खेकडा जावा तसं काहीतरी उमटलं. त्यांनी पुसलं, परत काढलं, परत पुसलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग अमृताला फोन लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. बंद झालं असेल ते, जुनं होतं ना! बघते मी वेळ मिळाला की. आणि इतकं काय अडलंय? एखादा चांगला फॉन्ट घ्या की!"

काका "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवस जेवणाकडे लक्ष नव्हतं त्यांचं. तिला परत फोन करा म्हणून काकू मागे लागल्या, तर म्हणाले, "नको. तिला कामाच्या वेळी त्रास होतो."

शेवटी काकूंनी आज शेजारच्या सुदेशला हाक मारली. सुदेश डिशची कनेक्शनं जोडतो. मनाचा मोठा माणूस, कुणाच्याही घरी अडलं-नडलं की हजर. आणि त्याचा एकच मंत्र: काढायचं, फुंकर मारायची, परत लावायचं. गॅसचा रेग्युलेटर असो, रिमोटचे सेल असोत, मिक्सरचं भांडं असो, आमच्या डोंबिवलीत अर्ध्या वस्तू याच औषधावर जगतात. आणि जगतात हो, खोटं का बोलू!

सुदेशनं शोधाशोध करून मला यादीत गाठलं. मी राखाडी होऊन पडलो होतो.

"काका, सापडलं की! मेलेलं नाहीये, झोपलंय फक्त."

मित्रांनो, क्षणभर माझ्याही मनात आशा आली. त्यानं मला चालू करायचं बटण दाबून पाहिलं. ते हललं नाही.

"असं आहे होय! मग काढून परत टाकू. अमृताच्या पेनड्राइव्हमध्ये आहे ना कॉपी? दोन मिनिटांचं काम."

"काही जाणार नाही ना रे त्यातलं?" काकूंनी विचारलं.

"काय जाणार, काकू? उलट एकदम नव्यासारखं होईल!"

नव्यासारखं! अरे बाबा, तेच तर नको आहे. पेनड्राइव्हमध्ये आहे ते माझं पहिल्या दिवसाचं रूप. त्याला काकांची एकही रेघ ठाऊक नाही, आणि या ब्राउझरमध्ये तेही चालायचं नाही. मी बंद असलो तरी काकांचा हात माझ्या पोटात जसाच्या तसा आहे. अमृतानं मला न काढता माझ्यावरच नवं रूप चढवलं, तर तो वाचेल. पण एकदा काढलं की सगळं पुसलं जातं, कायमचं. पडद्यावरची चौकट तेवढं विचारते: काढायचं का? पोटात काय आहे ते ती सांगत नाही.

"काका, मशीन तुमचं, तुम्हीच दाबा," सुदेश म्हणाला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"अमृताचा आहे," सुदेश म्हणाला.

"राहू दे," काका म्हणाले. "आता सुरू झालं की मीच सांगतो तिला. खूश होईल. उगाच तिला वाटायला नको, बाबा त्याच गोष्टीसाठी मागे लागलेत."

फोन वाजत राहिला आणि थांबला. तिला काय सांगायचं होतं, मला माहीत नाही. मला जे वाटतं ते सांगून आता उपयोग नाही.

काकांनी माउस धरला. बाण निघाला, थरथरत भलतीकडेच गेला आणि 'रद्द'वर पडला. चौकट मिटली. सुदेशनं परत उघडली. परत तेच झालं. इतकी वर्षं ज्या थरथरीशी मी झुंजलो, ती आज एकटीच माझ्या बाजूनं उभी आहे. किती वेळ राहणार?

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. एवढंच करा. घरातली जुनी, बंद पडलेली वस्तू काढण्याआधी, ती आत काय सांभाळून बसलीय हे ज्यानं ती बनवली त्याला विचारा. आणि तुम्हाला कुणी असं विचारायला फोन केला, तर दोन मिनिटं द्या त्याला. म्हातारी माणसं दुसऱ्यांदा फोन करत नाहीत.

सुदेशनं तिसऱ्यांदा चौकट उघडली आहे. काकांचे डोळे भरून आलेत.

"एक बटण दाबता येईना मला, शकू."

काकूंनी पदराला हात पुसले. त्या काकांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांनी आपला हात काकांच्या हातावर ठेवला आहे.

"मी आहे ना," त्या म्हणतायत. "दाबा आता."

हात थरथरायचा थांबला आहे. इतका स्थिर तो मलाही कधी करता आला नव्हता.