आत्याचा हिरवा

"अजून निळा," आत्या म्हणाली.

नेजीने डब्यात आणखी चमचाभर निळा ओतला. आत्याने काठीने ढवळलं, पत्र्याच्या तुकड्यावर एक फटकारा मारला आणि तो शेडच्या दारात उजेडात धरला. "पिवळटच दिसतोय. घाल अजून."

नेजीने, म्हणजे माझ्या भावाने, माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. बाबा डिझेलच्या नळीत फुंकर मारण्यात गढून गेले होते. ती नळी सकाळीच साफ झाली होती.

बू सालेम गावच्या या गव्हाच्या जमिनीवर पूर्वी फ्रेंच मालक होता आणि माझे आजोबा त्याची यंत्रं चालवायचे. मालक गेला, यंत्रं भंगारात आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत गेली. ती आम्ही शोधून आणतो. एकाच कारखान्याची, एकाच हिरव्या रंगाची. बाबा आणि नेजी इंजिनं बघतात, आई आसनं शिवते. मी पदवी घेऊन घरी आल्यापासून सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढते. रंग मात्र दालंदा आत्याचा. पहिला ट्रॅक्टर इथे उतरला तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि तो हिरवा पाहिलेलं आमच्या घरात आता दुसरं कोणी उरलेलं नाही. नमुना तिच्या डोळ्यांत आहे म्हणून आम्ही प्रत्येक यंत्राचा जुना रंग बिनधास्त जाळून टाकत आलो, थेट लोखंडापर्यंत.

शेडमध्ये दहा यंत्रं दुरुस्तीच्या क्रमाने उभी आहेत. पहिली पाच हिरवी. सहावं जरासं निळसर, सातवं त्याहून जास्त; दहावं तर समुद्रकाठच्या घरांच्या निळ्या दारांसारखं. आधी मला वाटलं, रंग उडतोय. पण मग सगळ्यात आधी रंगवलेलं यंत्र सगळ्यात जास्त बिघडायला हवं होतं. त्यानंतर आत्या माझी गडद निळी शाल काळी समजून शेजारच्या मयताला घेऊन गेली, आणि माझ्या लक्षात आलं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं पडतं. तिला हिरवा पिवळट दिसतो, आणि तो आठवणीतल्यासारखा दिसेपर्यंत ती निळा घालत राहते.

पुरावाही सापडला. अकराव्या यंत्राची, आता रंगवायला घेतलेल्या ट्रॅक्टरची, कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी मी जुना रंग जाळण्याआधी उचकटली. खाली तळहाताएवढा मूळ रंग होता, ऊन न लागलेला.

मी बाबांना शेडमागे गाठलं. "बाबा, आत्याचा रंग चुकतोय."

"माहितीये."

"कधीपासून?"

"ते सहावं, मळणीयंत्र केलं तेव्हापासून."

"पाच वर्षं?"

"तुझ्या आईला आधी कळलं. म्हणाली, गप्प बसा. आजीचं सगळं करता करता आक्काचं लग्न राहिलं. हा रंग तेवढा तिचा आहे. आणि शेड आपली, बघणारे आपण. कोणाचं काय बिघडतंय?"

"शनिवारी हा ट्रॅक्टर जंदूब्याच्या प्रदर्शनात नेताय. तिथे कोणीतरी तिच्या तोंडावर हसेल."

बाबांनी हातातली नळी खाली ठेवली. "मग तू सांग. शिकलीस तू."

चहाच्या वेळी सगळे शेडमध्येच होते. मी म्हटलं, "आत्या, पट्टीखाली मूळ रंग मिळालाय."

ती वाकून बघायला लागली. "हाच की. मी केलाय तसाच."

नेजीला ठसका लागला.

"तसा नाहीये गं आत्या."

"तू जन्मली तरी होतीस का? मी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलाय. कोवळ्या वाटाण्याच्या शेंगेसारखा."

मी दोन पत्रे पुढे केले. एकावर तिने आज केलेला रंग, दुसऱ्यावर पट्टीखालच्या रंगाशी जुळवून सकाळी मी केलेला. "यातला तुझा कुठला?"

तिने बोट ठेवलं. बरोबर होतं.

"बघ," ती म्हणाली.

"एकदा बरोबर येऊ शकतं. दहा वेळा करू."

"ही पोरगी नवऱ्यालासुद्धा दहा वेळा तपासून घेईल," आत्या आईला म्हणाली आणि तिने डोळे मिटले. मी पत्र्यांची अदलाबदल करत गेले, ती डोळे उघडून बोट ठेवत गेली. सहाव्या खेपेपासून बोट ठेवायला वेळ लागू लागला. शेवटी तिने विचारलं, "किती?"

"पाच."

"म्हणजे निम्मे तरी आले."

"नाणं उडवलं तरी तितकेच येतात, आत्या."

तिने कप खाली ठेवला आणि शेडमधल्या रांगेकडे पाहिलं. "कुठल्यापासून?"

"सहाव्यापासून."

"आणि तुम्ही सगळे माझ्या हातचं खात होतात, आणि गप्प?" ती आईकडे वळली. "मागच्या वर्षी तू इतकं कौतुक केलंस, मला वाटलं हिला माझ्या बांगड्या हव्यात."

"हव्याच होत्या," आई म्हणाली.

आत्या हसली. उठताना तिने ढवळायची काठी पुसली आणि माझ्या हातात दिली. "रंग आता तू मोजून कर. माझ्या डोळ्यांचं नंतर बघू, झाडांवरची जैतुनं उतरवून झाली की. जंदूब्याला कुठल्या वारी डोळे तपासतात ते विचारून ठेव."

"आक्का, त्या पाचांना पुन्हा हिरवा मारू या का?" बाबांनी विचारलं.

"हात लावू नका. ती माझी आहेत."

नेजीने दोन दिवसांत ट्रॅक्टर रंगवला. शुक्रवारी सकाळी बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या लाल रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. नेजी चिकटपट्टी लावून कडा आखायला लागला, तेव्हा आत्या बारीक ब्रश घेऊन आली. तिने चिकटपट्टी सोलून काढली. लाल डबा तिने कोणाला न विचारता उचलला. लाल तिला अजून नीट दिसतो. तिने करंगळी पत्र्यावर टेकवली, श्वास रोखला आणि पुढच्या जाळीपासून मागे चालत गेली, ब्रश न उचलता. आई दारातच थांबली होती. रेघ दीड मीटर तरी होती.

माझ्या खिशात मोजपट्टी होती. मी ती काढली नाही.

आत्याने श्वास सोडला, ब्रश बुडवला आणि दुसऱ्या बाजूला गेली.