कापडावरचा नकाशा

शिवकांताचा नवरा वीरेश शेतात छातीत कळ येऊन पडला, तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायला आलेली जीप पाणंदीच्या तोंडाशीच अडली. शेतांकडे जाणाऱ्या त्या गाडीवाटेवर लगतचा शेतमालक विजयसिंहानं चारच दिवसांपूर्वी तारेचं कुंपण ठोकलं होतं. माणसांनी वीरेशला खांद्यावर घेऊन दुसऱ्याच्या उभ्या कापसातून आणलं. डांबरी रस्ता लागेपर्यंत तो गेला होता. स्वतःच्या शेतात माती द्यायलाही त्याला त्याच कापसातून परत न्यावं लागलं.

गावोगावचे नकाशे लोकांना दाखवायचं काम सरकारनं एका खासगी कंपनीला दिलं होतं. जुने नकाशे पेट्या भरून कंपनीकडं गेले, सरकारी खिडकी बंद झाली, आणि त्यांच्या गावचं, उमापूरचं केंद्र विजयसिंहाला मिळालं. वीरेश गेल्यावर महिन्याभरानं शिवकांता तिथं गेली.

"पाणंद कावून अडवली?"

त्यानं स्क्रीन तिच्याकडं फिरवला. "कुठं हाय पाणंद? दाखीव की. नकाशात न्हाई म्हंजे न्हाई."

"मूळ नकाशा काढा."

"त्यो कंपनीचा माल हाय आता."

तिनं स्क्रीनवरचा अख्खा नकाशा निरखून घेतला.

घरी सासऱ्यानं, अण्णारावांनी, ट्रंक उघडली. त्यांचे वडील निजामाच्या काळात पटवारी होते. तळाशी कापडावर काढलेला गावचा नकाशा निघाला. त्यावर उर्दू अक्षरं आणि पाणंदीची ठळक तांबडी रेघ.

"उद्याच तहसीलला जाऊ," अण्णाराव म्हणाले.

शिवकांताचं बोट गायरानाच्या, सरकारी कुरणाच्या, कडेवर थांबलं होतं. विजयसिंहाचं मंगल कार्यालय त्या कडेच्या बाहेर, त्याच्या स्वतःच्या जमिनीत होतं. कंपनीच्या नकाशात मात्र गायरान सरकून थेट कार्यालयावर आलेलं तिनं पाहिलं होतं.

"थांबा मामंजी," ती म्हणाली आणि तिनं कापडाची घडी घातली.

दीड वर्ष ती ओढ्यातून वळसा घालून शेतात गेली. मग गायरानावरची अतिक्रमणं काढायचा हुकूम आला आणि मंगल कार्यालयावर नोटीस लागली. विजयसिंहानं कंपनीला फोनावर फोन केले. तक्रार नोंदवली आहे, एवढंच उत्तर मिळालं. तहसीलदार म्हणाले, मूळ नकाशा आमच्याकडं नाही, जुना आणून दाखवा, थांबवतो. कुणीतरी विजयसिंहाला पटवाऱ्याच्या ट्रंकेची आठवण करून दिली.

तो सकाळीच ओसरीवर येऊन बसला. "वैनी, पाणंद आजच मोकळी करतो. नकाशा तेवढा द्या."

"मालक पडले तवा तार तोडायला किती येळ लागला असता?"

त्यानं मान खाली घातली.

"सांगा की."

"पाच मिंटं."

"माझ्याकडं नकाशा न्हाई."

अण्णारावांनी तिच्याकडं पाहिलं आणि ते उठून आत गेले.

पाडापाडीच्या दिवशी ती सकाळपासून रस्त्यापलीकडं उभी होती. कमान आडवी झाली, स्टेजची भिंत कोसळली. विजयसिंह तहसीलदार साहेबांच्या मागं हात जोडत फिरत होता. तिला ते लई गोड वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदाच छाती भरून श्वास आला.

मग मशीन वळलं ते शेजारच्या हरिबाच्या दोन खोल्यांकडं. म्हातारा दारात बसून होता, उठेना. कंपनीच्या नकाशात त्या खोल्याही गायरानात गेल्यात, हे शिवकांताच्या ध्यानीमनीच नव्हतं.

ती घराकडं पळत सुटली. परत आली तेव्हा हरिबाची एक भिंत पडली होती.

"थांबा! नकाशा हाय!"

जीपच्या बॉनेटवर कापड पसरलं गेलं. साहेबांनी ते दोनदा तपासलं आणि मशीन थांबवलं. पाणंदीच्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी तारेचं कुंपण काढायलाही सांगितलं. विजयसिंह पुढं आला. गायरानाची कड आणि आपल्या पडलेल्या भिंती त्यानं आळीपाळीनं पाहिल्या.

"तुमच्याकडं व्हता," तो म्हणाला.

"व्हता," तिनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं.

हरिबाही ते ऐकत होता. तो आपल्या पडलेल्या भिंतीकडं वळला. शिवकांता त्याच्या मागोमाग गेली, पदर खोचला आणि विटा उचलायला लागली.