तांबड्यावरून न पडलेला मुलगा

यंदाच्या नादामच्या जत्रेत मोठ्या घोड्यांच्या शर्यतीत मी पहिला आलो.

तर, मी त्या शर्यतीत नव्हतोच. त्या दिवशी सकाळी आमच्या गेरमागच्या, म्हणजे राहत्या तंबूमागच्या, गोवऱ्यांच्या ढिगावरून मी पडलो आणि माझं खांद्याचं हाड मोडलं, असं सगळ्यांचं ठरलं आहे. ढीग माझ्या गुडघ्याइतका उंच आहे. तिथून पडून हाड मोडायला अंगात कला लागते, आणि ती माझ्यात आहे, असंही ठरलं आहे.

मी दाम्दिनकाकांच्या घोड्यांवर बसतो. दाम्दिनकाका शर्यतीचे घोडे तयार करतात आणि शर्यतीत त्यांच्या पाठीवर आमच्यासारखी पोरं लागतात. पोरगं हलकं पाहिजे. हलकेपणा आमच्या घरात मुबलक आहे. झूडच्या, म्हणजे जीवघेण्या बर्फाच्या, हिवाळ्यात आमची मेंढरं उभ्या उभ्या गोठली, तेव्हापासून बाबा दाम्दिनकाकांची मेंढरं राखतात आणि मी त्यांचे घोडे पळवतो. आई म्हणते, आपण त्यांचे नातेवाईक नसलो तरी त्यांच्या जनावरांचे आहोत.

बर्फ वितळला की सराव, उन्हाळ्यात शर्यती, गवत पिवळं पडलं की पुन्हा शर्यती. हिवाळ्यात घोड्यांना विश्रांती असते, पण तेव्हा शाळेची वाट बर्फाखाली जाते. त्यामुळे मी तिसरीत तिसऱ्यांदा आहे. बाई म्हणाल्या, "शिजिर, तिसरीचा एवढा अनुभव अख्ख्या तालुक्यात कोणाला नाही रे."

शाळेला वसतिगृह आहे, पण कॉट कमी आणि पोरं जास्त. म्हणून तालुक्याच्या साहेबांनी जाहीर केलं, की मोठ्या घोड्यांच्या शर्यतीत जो पोरगा पहिला येईल त्याला वसतिगृहातली एक कॉट मिळेल. ती कॉट मी खिडकीतून बघून आलो होतो. चुलीला लागून होती, आणि चुलीत गोवऱ्या घालायला पगारी माणूस होता! आमच्या घरी तो माणूस मीच आहे, बिनपगारी. मला जगात दुसरं काही नको होतं. कॉटवर निजायचं, दुसऱ्या कोणीतरी चूल पेटवायची आणि सकाळी उठून समोरच्या वर्गात जायचं.

"तांबड्याला पहिला आण," दाम्दिनकाका म्हणाले, "सप्टेंबरात मी स्वतः तुला मोटारसायकलवरून तिथं सोडतो. मर्दाचा शब्द आहे."

"ऐकलंस ना?" बाबा म्हणाले. "काकांचा शब्द आहे."

आमच्याकडे घोड्याला नाव ठेवत नाहीत, रंगावरून हाक मारतात. तांबडा माझ्या हाताखाली वाढला. त्याच्या अंगावरचा घाम रोज लाकडी पट्टीने मी खरवडायचो. शेवटच्या दिवसांत काका त्याला चारा मोजून द्यायचे आणि मला आरूलचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, एक तुकडा. चघळायला सकाळ जाते, पोटात काहीच जात नाही. आम्हा दोघांची तयारी मिळूनच झाली म्हणायची. हेल्मेट सरकारने दिलं होतं, पण त्यात काकू कांदे ठेवायची.

शर्यतीच्या सकाळी बाबांनी मला उचलून तांबड्यावर बसवलं आणि रिकिबीवर दूध शिंपडलं. आम्ही पोरं गात गात पार डोंगराआडच्या निशाणापर्यंत गेलो आणि तिथून वळून सुटलो.

मी पुढे होतो. खोटं सांगत नाही, पहिल्या टेकडीपासूनच पुढे होतो. शेवटच्या उतारावरून माणसं दिसायला लागली, आणि तिथंच मार्मोटचं बीळ आलं. तांबड्याने ते ओलांडलं. मी नाही ओलांडलं.

जमिनीवर पडल्या पडल्या मला वाटलं, तो थांबेल. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या दिवशी पाठ फिरवणारा तो पहिलाच, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात प्रामाणिकही तोच.

आता नियम सांगतो. शर्यत घोडा जिंकतो. तो एकटा पोचला तरी पहिलाच, आणि त्याच्यावर बसून निघालेला पोरगाही पहिलाच. पोरगं वाटेत कुठं सांडलं याच्याशी निकालाला देणंघेणं नसतं. म्हणून खांदा धरून मी मातीत बसलो होतो तेव्हा रडत होतो, पण कॉट मिळाली म्हणून हसतही होतो. दोन्ही एकदम करता येतं. नाक तेवढं गळतं.

पण यंदा जिल्ह्याहून तपासनीस मॅडम आल्या होत्या. नवा हुकूम होता: ज्याच्या घोड्यावरून पोरगं पडेल त्याच्या घोड्यांना तीन वर्षं बंदी. तांबडा पाठीवर कोणी नसताना येताना दिसला, तसे दाम्दिनकाका धुळीत घोडा घालून पुढे गेले, त्याला पकडला आणि आपल्या पोराला, तेनूनला, त्याच्या पाठीवर ठेवला. तेनून शाळेसमोरच्या घरात राहतो आणि रोज दुपारी मटण भरलेले बूझ खातो. तांबड्याला इतकं वजन आयुष्यात पहिल्यांदा कळलं असेल.

आणि कोणाला काही दिसलं नाही. जिंकलेल्या घोड्याचा घाम कपाळाला लावला की वर्षभर नशीब फळफळतं, म्हणून अख्खी जत्रा तांबड्यावर तुटून पडली होती. एवढी माणसं घोड्याला चिकटलेली असताना वर कोण बसलंय हे बघायला मान कोण उचलणार!

मला मागून येणाऱ्या गाडीने उचलून आणलं. ड्रायव्हर ओरडला, "अरे, हे सांडलेलं कोणाचंय? घेऊन जा!"

मॅडम पुढे आल्या. "हा शर्यतीत होता का?"

"छे हो, मॅडम," दाम्दिनकाका म्हणाले. "बघ्या आहे."

"बघ्याच्या छातीवर नंबर?"

"तेनूनचा चाहता आहे. जिंकल्यावर तेनूनने आपला नंबर याला देऊन टाकला. मन मोठं आहे पोराचं."

"आत्ता दिला? हा तर आत्ता गाडीतून उतरतोय."

"आमचा तेनून चपळ आहे, मॅडम."

लोक हसले. तेनून घोड्यावर बसून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा आइराग पीत होता. विजेत्याला वाडगा भरून देतात, तो त्याने पांढऱ्या मिशा येईपर्यंत प्यायला. माझ्याकडे मात्र बघत नव्हता.

मॅडम माझ्यापुढे वाकल्या. "तू सांग, बाळ. कुठून पडलास?"

"तांबड्यावरून. तिकडं, बिळापाशी. पहिला होतो मी. कॉट माझी आहे."

"याचे वडील कुठायत?"

गर्दीतून बाबा आले. त्यांच्या कपाळावर घामाचा आणि धुळीचा ओला पट्टा होता. त्यांनीही लावला होता.

"तुमचा मुलगा या घोड्यावर होता का?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही सांगाल ते मी लिहीन. दुसऱ्या कोणाला विचारणार नाही."

मला एवढं हायसं वाटलं की खांदा दुखायचा थांबला. सकाळी मला उचलून बसवणारे हात समोरच होते.

बाबांनी आधी तांबड्याकडे पाहिलं, मग दाम्दिनकाकांकडे. शेवटी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि तिथंच बघत राहिले.

"सकाळी गोवऱ्यांच्या ढिगावरून पडला, मॅडम. पडायची सवयच आहे त्याला."

"आणि हे घोड्याचं, बिळाचं?"

"थापा मारतो. ते आईकडून आलंय."

दाम्दिनकाकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मॅडमनी लिहून घेतलं. अशा रीतीने मी पडलो नाही.

घरी जाताना मोटारसायकलवर बाबांच्या पुढ्यात बसलो होतो.

"बाबा, मी पडलो ना?"

"पडलास."

"कुठून?"

त्यांनी गिअर बदलला. मग बाबा म्हणाले, "पुढे हिवाळा आहे, शिजिर. मेंढरं त्यांची आहेत. उद्या त्यांनी दुसरा गडी ठेवला तर खायचं काय, दगड?"

"आणि कॉट?"

"तांबडा पुढच्या वर्षी पण पळेल की."

"पुढच्या वर्षी मी जड झालो तर?"

"नाही होणार," बाबा म्हणाले. या बाबतीत त्यांचा शब्द पक्का आहे.

नाल्यापाशी त्यांनी गाडी थांबवली. आपल्या कपाळावरचा ओला पट्टा अंगठ्याने पुसला आणि अंगठा माझ्या कपाळाकडे आणला. "घे, थोडं तुला पण."

मी मान बाजूला केली. अंगात तेवढंच एक हलत होतं.

सप्टेंबरात काकांनी तेनूनला मोटारसायकलवरून वसतिगृहात सोडलं. म्हणजे रस्ता ओलांडून दिला. त्याच्या आईने कॉटवर नवी रजई अंथरली, साहेबांबरोबर फोटो काढला आणि दोघं जेवायला घरी गेले. तो घरीच झोपतो. आता कॉटवर बटाट्याचं पोतं असतं, कारण चुलीजवळ बटाटे गोठत नाहीत.

माझं हाड वाकडं जुळलं. दाम्दिनकाका म्हणतात, बरंच झालं, आता पोरगं आपोआप डावीकडे कलतं, घोडा वळवताना कामाला येईल. त्यांनी मला एक जुना कोट दिला. बाबांनी माझ्या वतीने आभार मानले. मी मेंढरांमागे जातो, आणि वरच्या खडकावरून शाळेचा धूर दिसतो. रोज दुसरंच कोणीतरी पेटवतं.

तरी मा. नादाम समितीस विनंती करण्यात येते, की माझे तांबड्यावरून पडणे मंजूर करावे. तसे करणे नियमात बसत नसल्यास सदर पडणे रद्द समजून माझे हाड पूर्ववत करून मिळावे. तसेच, वसतिगृहातील चुलीजवळच्या कॉटवर सध्या असलेले बटाटे कोणत्या शर्यतीत पहिले आले होते, याचा खुलासा व्हावा, आणि ते पहिले आले नसल्यास सदर जागा हिवाळ्यापूर्वी मला देण्यात यावी, ही नम्र विनंती.