कमरेची पुरचुंडी

सुनीती गेल्याचं ऑफिसात कळलं ते मशीनमुळे.

त्याआधी श्रीपादने कोणाला सांगितलंच नव्हतं. बिलासपूरहून बदली होऊन तो नव्या रायपूरला रुजू झाला, तेव्हा तिचे दिवसवार उरकले होते. शेजारच्या टेबलावरच्या अनंतरावांनी विचारलं, "वहिनी कुठे?" तोंडातून निघून गेलं, "पोट्टीकडे, नागपूरले." मग तेच चालू राहिलं.

अस्थी वरदने, मुलाने, राजीमच्या संगमावर सोडल्या. तो पाण्यात उतरायच्या आधी श्रीपादने मडक्यातला एक तुकडा मुठीत घेतला. वरदला दिसलं नाही. पण अस्थी घरात न्यायच्या नसतात. म्हणून संध्याकाळी तात्यापाऱ्यातल्या घरी परतला की तो आधी दारासमोरच्या कडुनिंबाला त्या तुकड्याची पुरचुंडी बांधायचा, मग उंबरा ओलांडायचा. सकाळी निघताना ती सोडून सदऱ्याखाली कमरेला खोचायचा. दिवसभर ती सोबत असायची.

ऑफिसच्या फाटकावर नवा स्कॅनर चाचणीसाठी बसवला. टेराहर्ट्झ लहरी कापडातून आरपार जातात आणि कपड्याखाली दडलेली वस्तू पडद्यावर दिसते, असं देवश्रीने रांगेला समजावलं. मशीन चालवणारी ही पोरगी मराठीच होती. चावी, मोबाइल, चाकू हे मशीन स्वतःच ओळखायचं.

श्रीपाद उभा राहिला. पडद्यावर त्याच्या कमरेशी लाल चौकट आली. खाली शब्द उमटला, 'अनोळखी'.

"गुटखा होही," गार्ड हसला. "निकाल दे, भैया," तो काढून ठेवायची खूण करत म्हणाला.

मागून अनंतराव ओरडले, "वहिनी नाही म्हणून सुरू केला काय हो, श्रीपादराव?"

रांग हसली. देवश्री खालच्या आवाजात म्हणाली, "काका, दाखवून द्या ना. इतकंच आहे."

श्रीपादने पुरचुंडी काढून तळहातावर सोडली.

"हे काय आहे?"

"सुनीती आहे," तो म्हणाला. "माझी बायको."

कोणी हसलं नाही. गार्डने टोपी काढली. अनंतराव जवळ येऊन उभे राहिले.

जे ओळखू येत नाही त्याचं नाव देवश्रीला मशीनमध्ये भरावं लागायचं, म्हणजे पुढच्या वेळी मशीन ते ओळखतं. तिची बोटं थांबली. "काय लिहू, काका?"

"नको लिहू, बेटा."

तिने जागा कोरी सोडली.

दुपारी अनंतरावांनी आपला डबा पुढे सरकवला. "सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर ती खरंच गेली असती."

"रविवारी राजीमले जाऊ. मी येतो."

"हव," श्रीपाद म्हणाला.

रविवारी अनंतराव गाडी घेऊन आले. श्रीपाद धुतलेलं धोतर नेसून कडुनिंबाखाली गेला. गाठीला हात लावला आणि तसाच उभा राहिला.

"चला ना," अनंतराव म्हणाले.

"आज पाय दुखून राहिला."

अनंतरावांनी त्याच्या पायाकडे पाहिलंही नाही. बराच वेळ बसून ते निघून गेले.

आता ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. वरदला सांगायचं राहिलं आहे. तो तुकडाही पाण्यात सोडायचा राहिला आहे.