मनोऱ्याच्या शेजारी मोजताना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना अॅनालायझर आहे. नाव जड, अंगानेही मी जडच. हौशी रेडिओवाले छतावर तार ताणतात आणि मला जोडून विचारतात, लांबी बरोबर आहे का? मी तारेत बारीकसा संदेश सोडतो, त्यातला किती परत येतो ते ऐकतो आणि काटा हलवून सांगतो.

कारखान्यात मला एकच शिस्त लागली. आपण सोडलेला संदेश तेवढा ऐकायचा, शेजाऱ्यांच्या गप्पांत कान घालायचा नाही. लोणावळ्याच्या गोरखआबांनी मला कित्येक वर्षं वापरलं. "ह्याचा शब्द म्हणजे शब्द," असं ते चारचौघांत सांगत आणि मी फुलून जाई. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि मी चिक्कीच्या रिकाम्या खोक्यात जाऊन पडलो. पोटातले सेल कुणी काढलेच नाहीत. ते पाझरले. फार वाईट वाटलं हो.

आबांकडे रेडिओ शिकलेली अनघा खंडाळ्याला राहते. तिच्या घरामागेच टेकडीवर एफएमचा मनोरा आहे. तिची मैत्रीण सारिका पवनानगरच्या पुढे, धरणाकाठच्या वाडीत राहते. हौशी रेडिओचा परवाना दोघींकडे आहे. पावसाळ्यात वाडीतली मोबाइलची रेंज जाते आणि सारिकाच्या वडिलांना तर दमा; धाप लागली तर मदतीला हाक कुणाला मारायची? तिची आई रतनबाई अनघाला म्हणाली होती, "तुमचा रेडिओ लागला तर आमी हितंच ऱ्हातो. न्हाई लागला तर पावसाळाभर थोरल्याकडं चिंचवडला जायाचं. पर घर सोडून माजा जीव लागायचा न्हाई." गाठोडंही बांधून झालं होतं.

अनघाने आपल्या गच्चीवर तार ताणली आणि ती मोजायला रंगीत पडद्याचा नवा अॅनालायझर आणला. रूप काय त्याचं, वा! तो म्हणाला, तार लांब आहे. तिने कापली. तो म्हणाला, अजून लांब आहे. तिने आणखी कापली. तार पार आखूड झाली तरी बेट्याचं समाधान होईना. शेवटी कात्री बाजूला ठेवून तिने नुसतंच पुन्हा पुन्हा मोजलं, तर दरवेळी आकडा निराळा. तारेला हात न लावता आकडा हलतो कसा? तिची नजर टेकडीकडे गेली.

"अगं बाई, हा तर मनोऱ्याचं ऐकत बसलाय," ती म्हणाली आणि तशीच आबांकडे आली.

"खोक्यात बघ," आबा म्हणाले. "चालू असला तर तुझं नशीब."

तिने माझ्या पोटातला गंज खरवडला, चिक्कीचा चुरा झटकला, नवे सेल घातले. गच्चीवर मी एकच सांगितलं, तार आखूड आहे. तिने दहादा विचारलं, मी दहादा तेच सांगितलं. मग तिने कापलेले तुकडे पुन्हा जोडले आणि माझा काटा जागेवर आला.

नव्यावर माझा राग नाही. त्याला सारिकाकडे पाठवलं. तिथे मनोराच नाही, त्यामुळे तो तिथे अगदी बरोबर मोजतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, यंत्र निवडताना नुसता पडदा बघून भुलू नका. जिथं वापरायचं तिथं नेऊन पारखा. आणि ठेवून देताना त्याच्या पोटातले सेल तेवढे काढा.

आषाढात वाडीतली रेंज गेली. त्या दिवशी अनघाच्या रेडिओवर सारिकाचा आवाज आला, "अनघा, ऐकू येतंय ना? आईनं गाठोडं सोडलं बघ."