ओल्या बाजूला

लाँड्रीत दोन बाजू असतात. ओल्या बाजूला मशीनमधून निघालेल्या, पाण्याने जड झालेल्या चादरी उचलायच्या. सुक्या बाजूला खुर्चीत बसून घड्या घालायच्या आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं. सुक्या बाजूला गेलेलं माणूस परत ओल्या बाजूला येत नाही, हा तिथला अलिखित कायदा. अक्काने उभी हयात ओल्या बाजूला काढली होती. लाँड्री तिची आणि तिथला आवाजही तिचाच.

पाळी जाऊन काही वर्षं झाली आणि तपासणीत तिची हाडं विरळ होऊ लागल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या: वजन उचलायचा व्यायाम नीट शिकून घ्या, आणि वाटलं तर सोयाच्या गोळ्या घ्या. घरच्यांनी त्यातली सोपी तेवढी ऐकली. मुलाने गोळ्यांचा मोठा डबा आणला आणि आईला सुक्या बाजूला नेऊन बसवलं. सून तर तिच्या हातातली भाजीची पिशवीसुद्धा काढून घेई. तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच. पण माणूस फार जपलं तर गंजतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

सुरुवातीला अक्काही सुखावली, खोटं कशाला बोला. मग जिना चढताना पाय भरून यायला लागले. एकदा खुर्चीतून उठताना तिने नकळत टेबलाला हात टेकला, आणि तो टेकलेला हात पाहून तिला खरी धास्ती बसली. हाड मोडायच्या आधीच आपली रवानगी अडगळीत होणार, हे तिला लख्ख दिसलं.

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरीणबाईंना अभिमानाने सांगितलं, की एकही गोळी चुकवलेली नाही. बाईंनी कपाळावर हात मारला. गोळ्यांचा थोडाफार हातभार लागेलही, पण त्याची खात्री देता येत नाही. हाडाला भार मिळाला तर ते टिकतं, असं बजावून त्यांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं. तिथे अक्का नव्याने उचलायला शिकली. पाठ सरळ, गुडघे वाकवून, ओझं छातीशी. आधी रिकामी बादली, मग थोडी भरलेली. जन्मभर आपण कमरेतून वाकून उचलत आलो, हे कळल्यावर ती स्वतःलाच हसली. एकेका चादरीपुरती परवानगी मिळाली, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती तडक ओल्या बाजूला गेली.

मुलगा आडवा आला. तुला काही झालं तर लोक मला काय म्हणतील, इथपासून मग गोळ्या आणल्या कशाला, इथपर्यंत त्याने सगळं ऐकवलं. अक्काने त्याला मध्येच तोडलं नाही.

"हाडं माझी आहेत, बाळा. भीती तुझी आहे," ती म्हणाली. "माझ्या हाडांचं मी बघते, तुझ्या भीतीचं तू बघ."

चादर ताणून सरळ करायला दोन माणसं लागतात. तिने एक टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते आजारी माणसाचा हात धरावा तसं अलगद धरलं.

"ओढ," ती म्हणाली.

त्याने जरासं ओढलं. अक्का पाय रोवून उभी होती, जागची हलली नाही. तिने आपलं टोक खेचलं मात्र, चादर त्याच्या बोटांतून निसटून फरशीवर पडली. पलीकडे घड्या घालणाऱ्या बायकांचे हात थांबले.

चादर पुन्हा धुवायला गेली. मुलाने दुसरी काढली, टोक मुठीत घट्ट धरलं आणि या वेळी खरोखर ओढलं.