इस्त्री न केलेलं भाषण

श्यामराव खराडे बोलायला उभे राहिले की त्यांचे सचिव कारखानीस दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून बसत. त्या रविवारी सकाळी आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्येही ते तसेच बसले होते. श्यामराव केंद्रात मंत्री, साताऱ्याकडचे, सत्तरीला टेकलेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी त्यांची ख्याती होती आणि तिच्याच जोरावर ते दर वेळी निवडून येत.

मी पहिल्या रांगेत वही-पेन्सिल घेऊन बसले होते. कलकत्त्यात मराठी शॉर्टहँड येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मंडळात कोणीही पाहुणा आला की त्याचं भाषण उतरवायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याचं इंग्रजी करून वर्तमानपत्रांना द्यायचं हे काम सहा वर्षं माझ्याकडे होतं. मंडळाचे चिटणीस दत्तूकाका दर वेळी कानात सांगत, "शकुन, जरा इस्त्री कर हो." म्हणजे चुण्या काढायच्या. एक पाहुणे बंगाली लोक आळशी असतात म्हणाले होते, त्याचं मी 'बंगालची निवांत जीवनशैली' करून टाकलं. छापून आलं, पाहुणे खूश, बंगाली खूश. माझी नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीत स्टेनोची, पण खरा रुबाब होता तो ह्या इस्त्रीचा.

त्या रविवारी मात्र मी तिथे इस्त्री करायला बसले नव्हते. माझा धाकटा भाऊ चारुदत्त कलकत्त्याच्या एका कंपनीच्या मालवाहू जहाजावर तिसरा इंजिनियर होता. सात आठवड्यांपूर्वी एका परक्या देशाने ते जहाज बंदरात अडकवलं आणि बंदी असलेल्या भागाचे फोटो काढले असा आरोप ठेवून चौदा जणांना आत टाकलं. सात आठवड्यांत चारूचं एकच पत्र आलं होतं, चार ओळींचं. कावीळ झालीय, आईला सांगू नकोस. येत्या गुरुवारी त्यांना लष्करी कोर्टापुढे उभं करणार होते. त्या देशाची दिल्लीत वकिलात नव्हती. जे काय होतं ते कलकत्त्यातलं कॉन्सलचं ऑफिस. म्हणून श्यामराव कलकत्त्याला आले होते. सोमवारी दुपारी चारला ते कॉन्सलला भेटणार, आणि जमलं तर पोरं सुटणार. सात आठवडे मी एका जागी धड बसले नव्हते. जेवताना उठायची, टाइप करताना उठायची, जिन्यात पाऊल वाजलं की उठायची.

श्यामराव बोलू लागले आणि पाचव्या मिनिटाला वीज गेली. त्र्याहत्तर साल होतं, वीज रोजच जायची. पंखे थांबले, माईक बंद पडला. श्यामरावांना माईकची गरज नव्हती.

"आमची पोरं धरून ठेवतात आणि वर आमच्याशी भाव करतात!" ते गरजले. "हे सरकार म्हणायचं का दरोडेखोरांची टोळी? आणि तो त्यांचा राष्ट्राध्यक्ष! आमच्या बाजारातला पाकीटमारसुद्धा त्याच्यापेक्षा अब्रूदार. उद्या त्याच्या माणसाशी हात मिळवायचा आहे मला. मिळवीन. पोरांसाठी मिळवीन. पण घरी येऊन आधी आंघोळ करीन!"

दोनशे माणसांनी हॉल डोक्यावर घेतला. मी पेन्सिल टाकून टाळ्या वाजवल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. सात आठवडे 'चौकशी चालू आहे', 'योग्य ती पावले उचलली जात आहेत' अशी पत्रं वाचून माझं डोकं पिकलं होतं, आणि इथे एक माणूस माझ्या पोटातलं बोलत होता.

शाल-श्रीफळ झाल्यावर दत्तूकाका घाईत म्हणाले, "आज फार चुण्या आहेत हं, शकुन. नीट कर. मला दाखवून मग दे." आणि श्यामरावांना गाडीत बसवून द्यायला धावले. श्यामराव बराकपूरला, नदीकाठच्या सरकारी अतिथिगृहात उतरले होते. दत्तूकाका त्यांच्याबरोबर गाडीतूनच गेले, ते संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत.

बालीगंजच्या आमच्या घरी मी टाइपरायटर पुढे ओढला. आई स्वयंपाकघरातून आली. "काय म्हणाले गं मंत्री? सुटेल ना आपला चारू?" मी तिला वहीतून सगळं वाचून दाखवलं. ती पदराने हात पुसत म्हणाली, "बोललं बाई एकदाचं कुणीतरी खरं."

बस्स. मी इस्त्री केली नाही. टोळीला टोळी, पाकीटमाराला पाकीटमार आणि आंघोळीला आंघोळ लिहिलं. माझ्या बाबांनी मला मराठी शिकवलं ते ह्या परक्या शहरात, दर शनिवारी एक पान लिहायला लावून आणि लाल पेन्सिलीने त्याचं रक्त काढून. घरात बंगाली शब्द निघाला की आणखी एक पान. ते असते तर म्हणाले असते, एक शब्द इकडचा तिकडे नाही. दत्तूकाकांची वाट न बघता मी बस पकडली आणि तो कागद वर्तमानपत्राच्या कचेरीत स्वतःच्या हाताने दिला. परत येताना फार हलकं वाटत होतं. आता लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

सोमवारी ते पहिल्या पानावर आलं.

अकरा वाजता दत्तूकाका माझ्या कचेरीत आले. हातात पेपर. "कॉन्सलनं भेट रद्द केली," ते म्हणाले. "सकाळी नऊलाच निरोप आला बराकपूरला. हे काय केलंस, पोरी? अगं, हात दाखवून अवलक्षण!"

मी अर्ध्या दिवसाची रजाही मागितली नाही. पर्स उचलली आणि निघाले. ट्राम मध्येच बंद पडली, उतरले, सियालदा स्टेशनापर्यंत चालत, जवळजवळ पळत गेले. गाडीत जागा होती, पण बसवेना. दारापासून खिडकीपर्यंत माझ्या येरझाऱ्या बघून एक म्हातारे बाबू म्हणाले, "दीदी, बोशुन ना." बसा म्हणत होते बिचारे. त्यांच्या मांडीवर तोच पेपर, तेच पान. वाटेत सोदपूरला गाडी अर्धा तास अडकली. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीनच.

अतिथिगृहाच्या व्हरांड्यात कारखानीस फोन ठेवून नुकतेच वळले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, रागावले नाहीत. रागावण्याच्या पलीकडे गेले असावेत.

"रस्ता आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "कॉन्सलच्या दुय्यमाशी बोललोय. साहेबांनी लेखी द्यायचं की मी असं बोललो नाही, भाषांतर चुकलं. मग उद्या भेट. खरं काय ते त्यांनाही कळतंय, बाई. त्यांना वर दाखवायला एक कागद हवाय फक्त."

"मग द्या ना!"

"साहेब सही करत नाहीत."

श्यामराव आत वेताच्या खुर्चीत बसले होते, समोर कागद आणि त्यावर पेन आडवं. मी आत गेले तसं त्यांनी मानही वर केली नाही. कारखानिसांना म्हणाले, "सांगितलं ना एकदा. बोललो ते बोललो. थुंकलेलं चाटायची आमच्याकडं रीत नाही. आणि भाषांतर चुकलं म्हणायचं म्हणजे कुणा गरीब बाईच्या गळ्यात धोंडा बांधायचा. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"ती बाई मी," मी म्हणाले.

आता त्यांनी पाहिलं. "तुम्ही? मग खरं सांगा. तुमचं चुकलं का?"

"शब्दन् शब्द बरोबर आहे."

"बघा!" ते कारखानिसांवर उखडले. "आणि मी लिहून देऊ की चुकलं? चाळीस वर्षं झाली राजकारणात. एक शब्द मागं घेतला नाही मी."

मंत्र्यापुढे आपण उभ्या आहोत हे मी विसरले.

"चाळीस वर्षं तुमचे शब्द दुसऱ्यांनी निस्तरले असतील, साहेब," मी म्हणाले. "तुम्ही काल बोललात आणि मोकळे झालात. टाळ्या घेतल्यात. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात वाजवल्या. मी ते छापायला दिलं, कारण मलाही मोकळं व्हायचं होतं. आपण दोघं मोकळे झालो. माझा भाऊ तिथे आत आहे. त्याला कावीळ झालीय. गुरुवारी त्याला कोर्टापुढे उभं करतील, आणि तुम्हाला तुमच्या शब्दाची पडलीय! हा कसला खरेपणा? ह्याची किंमत तुम्ही कधी मोजलीय का स्वतःच्या खिशातून?"

कारखानिसांनी डोळे मिटून घेतले. श्यामराव माझ्याकडे बघत राहिले. नदीवरून एक भोंगा वाजला.

"भाऊ कितीचा?" त्यांनी विचारलं.

"चोविसाचा."

त्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "पण तुमच्या नोकरीचं काय? हा कागद तुमच्या कचेरीतही जाणार. नाव जाणार."

"जाऊ दे."

"आणि कारण काय लिहायचं?" कारखानीस चाचरत म्हणाले. "नुसतं चूक झाली म्हटलं तर पटणार नाही. सहा वर्षं ह्या हे काम करतायत."

मला कारण माहीत होतं. कलकत्त्यात वाढलेल्या मराठी मुलांबद्दल, नवऱ्याच्या बदलीनं महाराष्ट्रातून आलेल्या बायका हळदीकुंकवाला जे बोलतात, तेच. आयुष्यभर मी ते ऐकून दात-ओठ खाल्ले होते. "लिहा," मी म्हणाले. "भाषांतर करणारी कलकत्त्यात जन्मली, तिथेच वाढली. तिचं मराठी कच्चं आहे."

श्यामरावांच्या भुवया वर गेल्या. "कच्चं? आत्ता मला झाडलंत, ते कच्च्या मराठीत?"

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. त्यांनी सही केली, मग मी केली. माझी सही करताना बाबांची लाल पेन्सिल डोळ्यांपुढून हलेना.

मंगळवारी भेट झाली. हात मिळवतानाचा फोटो छापून आला. नंतर त्यांनी आंघोळ केली की नाही ते मी विचारलं नाही. गुरुवारचा खटला पुढे ढकलला गेला आणि डिसेंबरात चौदाही जण सुटले.

मला टाइपरायटरवरून उठवून टपाल पाठवायच्या विभागात बसवलं. मंडळात भाषणं उतरवायला लीनाताई आल्या, बँकेत बदलून आलेल्या साहेबांच्या पत्नी, पुण्याच्या. ह्यातलं मला काही फार लागलं नाही. लागलं ते वेगळंच. त्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती. दोनशे जणांनी श्यामरावांना कानांनी ऐकलं होतं. पोरं सुटेपर्यंत सगळे गप्प बसले, ते बरंच केलं. पण सुटल्यावरही कोणी बोललं नाही, आणि हळूहळू त्यांना खरंच तसं आठवायला लागलं. जानेवारीत चारूचा सत्कार झाला तेव्हा दत्तूकाका माईकवरून म्हणाले, "आमच्या शकुनच्या मराठीनं घोटाळाच केला होता, पण देवाची कृपा!" सगळे हसले. आईसुद्धा हसली. मीही.

घरी परतताना चारू हळू चालत होता. अजून अशक्तच होता तो, डोळ्यांतला पिवळेपणा पुरता गेला नव्हता. ट्राम स्टॉपवर आई पुढे गेली तसा तो थांबला.

"ताई, येत नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस," तो म्हणाला. "ते भाषण तिथे आलं होतं. तारेनं. जेलरनं आम्हाला वाचून दाखवलं, एकेक वाक्य. मग आमची कांबळी काढून घेतली, औषध बंद केलं. तीन दिवस. आमच्यातला तो म्हातारा खलाशी, त्याचा ताप तेव्हाच डोक्यात गेला. अजून त्याला नीट बोलता येत नाही."

ट्राम आली. मी चढले नाही, चारूही चढला नाही. आई खिडकीतून हाका मारत निघून गेली.

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. माझं मराठी पक्कं आहे, चारू. पण त्याच्या पुढचं वाक्यही मग सांगावं लागलं असतं. मला सगळं कळत होतं, कसं सौम्य करायचं ते येत होतं, आणि मी केलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "खरंच ते तसं बोलले नव्हते?"

"नाही रे," मी म्हणाले. "माझंच मराठी कच्चं."